आधी हळू चालवायला शिका : चाळिशीनंतरची स्कूटर, लायसन्स आणि रोजचा रस्ता

मी पुण्यात धायरीला राहते आणि एरंडवण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी मंडळी सकाळी सातलाच दारात उभी असतात, त्यामुळे मला पावणेसातला पोचावंच लागतं. पंचेचाळिशी उलटल्यावर मी बस सोडली, लायसन्स काढलं आणि स्कूटर घेतली. हे लिहितेय ते अशाच लोकांसाठी, ज्यांना सायकल येते पण गाडी कधी हातात घेतलेली नाही, आणि घरातून "आता या वयात कशाला?" असं ऐकावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. गाडी पळवायला फारसं काही लागत नाही. तीसच्या वेगात ती आपली आपण सरळ जाते. कस लागतो तो चालणाऱ्या माणसाच्या वेगाला: सिग्नलला इंचाइंचाने सरकताना, पार्किंगमध्ये वळवताना, समोर रिक्षा थांबली म्हणून बाजूने काढताना. नवशिक्याचा पाय तिथेच डगमगतो. आरटीओची चाचणीसुद्धा नेमकं हेच बघते. तेव्हा शिकायचा बहुतेक वेळ हळू चालवण्यात घालवा. वेग नंतर न मागता येतो.

पैशांसाठी घेत असाल तर आधी हिशेब करा

जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा, महिन्याचा पास १,५०० रुपयांना आहे. धायरी ते एरंडवणे जाऊन-येऊन साधारण वीस किलोमीटर. ११० सीसीची स्कूटर गर्दीच्या रस्त्यावर लिटरला पंचेचाळीसच्या आसपास देते, म्हणजे रोज अर्ध्या लिटरच्या आत. महिन्याचं पेट्रोल बाराशे-तेराशे रुपये. वरवर पाहता पासपेक्षा स्वस्त. पण त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक शू, रेनकोट आणि मुख्य म्हणजे गाडीची स्वतःची किंमत धरली की बसच स्वस्त पडते. मी गाडी घेतली ती वेळेसाठी. सकाळी सहाला बस आली नाही तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. तुमची बस वेळेवर येत असेल, बसायला जागा मिळत असेल आणि ऑफिस थांब्याजवळ असेल, तर मी तुम्हाला गाडी घ्या असं सांगणार नाही.

गाडीच्या आधी लर्निंग लायसन्स

बरेच जण आधी शोरूम गाठतात. उलट करा. लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही, आणि लर्निंग चालतं सहा महिने. म्हणजे आज अर्ज केलात तर तो महिना आजपासून मोजायला लागतो. गाडी कुठली घ्यायची ते त्या महिन्यात निवांत ठरवता येतं.

अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर करायचा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर लर्निंगची परीक्षासुद्धा घरी बसून देता येते. महाराष्ट्रात ही सोय जून २०२१ पासून आहे. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी ते काम उरका, नाहीतर ओटीपीपाशीच गाडं अडतं. शुल्क एका प्रकारच्या वाहनाला १५० रुपये, परीक्षेचे ५०. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, तो फॉर्म १-ए. त्याखालच्यांना स्वतःच भरायचा फॉर्म १ पुरतो. डॉक्टरांकडे जाणारच आहात तर डोळेही नीट तपासून घ्या. मला संध्याकाळी समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसायची. चष्म्याचा नंबर बदलल्यावर ती गेली.

अर्जात वाहनाचा प्रकार निवडताना एक थांबा घ्या. 'विनागिअर दुचाकी' आणि 'गिअर असलेली दुचाकी' हे दोन वेगळे प्रकार आहेत. विनागिअरचं लायसन्स काढलंत तर त्यावर मोटरसायकल चालवता येत नाही. गिअरच्या लायसन्सवर स्कूटर चालवता येते, पण चाचणी गिअरच्या गाडीवर द्यावी लागते. घरातली बाइक कधीतरी चालवायची वेळ येणार असेल तर विचार करा. मला ती येणार नव्हती, म्हणून मी विनागिअर घेतलं. माझ्या वडिलांची बजाज चेतक होती, आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. डाव्या मुठीत गिअर, आणि सकाळी सुरू व्हायला नको म्हणाली की एका अंगावर तिरकी करून मग किक. त्या काळात आई गाडी शिकली नाही याचं मोठं कारण ती गाडीच होती असं मला आज वाटतं.

परीक्षेत १५ प्रश्न येतात, ९ बरोबर हवेत. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत बघावी लागते. ती खरोखर बघा, प्रश्नांपैकी बरंच काही त्यात असतं. घोळ होतो तो चिन्हांचा. लाल गोलातलं चिन्ह म्हणजे मनाई, निळ्या गोलातलं म्हणजे हुकूम, लाल कडेच्या त्रिकोणातलं म्हणजे पुढच्या धोक्याची सूचना, निळ्या चौकोनी पाटीवरचं म्हणजे माहिती. आकाराचं हे सूत्र डोक्यात बसलं की प्रत्येक चिन्ह वेगळं पाठ करावं लागत नाही. नापास झालात तर ५० रुपये भरून पुन्हा देता येते.

आणि हो, हे एजंटकडे देऊ नका. पैसे जातात हा एक भाग, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अर्ज क्रमांक, पासवर्ड, ओटीपी सगळं दुसऱ्याच्या मोबाइलवर जातं. पुढे पत्ता बदलायचा किंवा नूतनीकरण करायचं म्हटलं की पुन्हा त्याच्याच दारात. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या लायसन्सवर एजंटने स्वतःचाच नंबर टाकला होता. तो बदलून घ्यायला त्यांना सुट्ट्या काढाव्या लागल्या.

लर्निंगवर रस्त्यावर जायचं तर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा, आणि मागे पक्कं लायसन्स असलेलं शिकवणारं माणूस बसलेलं हवं. 'एल' लावला म्हणजे एकट्याने फिरायला मोकळीक मिळाली असं नाही. लायसन्सशिवाय चालवताना पकडलं तर दंड ५,००० रुपये आहे. शिवाय अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, आणि ती रक्कम या दंडाच्या कैक पट असू शकते.

गाडी निवडताना पाय बघा, जाहिरात नाही

शोरूममध्ये गेल्यावर रंग आणि मोबाइल जोडायची सोय यावर बोलणं सुरू होतं. तुम्ही आधी सीटवर बसा. दोन्ही पायांचे चवडे पुरते टेकतात का? टाचा किंचित उचलल्या गेल्या तर चालेल, पण बोटांच्या टोकांवर उभं राहावं लागत असेल तर ती गाडी तुमची नाही. मग गाडी स्टँडवरून काढून चार पावलं मागे ढकलून बघा. पेट्रोलच्या ११०-१२५ सीसीच्या गाड्या साधारण शंभर ते एकशेदहा किलोच्या असतात. अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर, अ‍ॅक्सेस या सगळ्या त्याच पट्ट्यातल्या. विजेवरच्या बऱ्याच गाड्या याहून जड लागतात, पण त्यांचं वजन खाली असल्यामुळे चालताना ते जाणवत नाही. जाणवतं ते पार्किंगमधून मागे ओढताना.

विजेची घ्यायची असेल तर सोसायटीत तुमच्या मीटरवरून चार्जिंग पॉइंट मिळेल का, याचं लेखी उत्तर आधी घ्या. अडीचशे वॉटपर्यंत मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही, म्हणून अनेक जण तिकडे वळतात. कॉलनीतल्या कॉलनीत ती छान. सिंहगड रस्त्यावर, मागून पन्नासने येणाऱ्या वाहनांपुढे पंचवीसने जाणं मला धोक्याचं वाटतं.

चाकांकडेही लक्ष द्या. अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं चाक बारा इंची, मागचं दहा इंची आहे. ज्युपिटरची दोन्ही बारा इंची. आपल्या खड्ड्यांत हा फरक कमरेला कळतो.

किंमत विचाराल तर 'ऑन-रोड' विचारा आणि तिची फोड कागदावर मागा. एक्स-शोरूम, नोंदणी आणि कर, विमा, आणि त्याखाली जी इतर नावं येतील ती. मॅट, क्रॅश गार्ड, सीट कव्हर हे सगळं ऐच्छिक आहे. मी एका शोरूममधून याच कारणासाठी उठून आले, कारण तिथे म्हणे "पॅकेजच घ्यावं लागतं". दुसरीकडे तीच गाडी पॅकेजशिवाय मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कुणी जुनं दरपत्रक पुढे केलं तर तारीख बघा. नव्या गाडीला तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा, पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मात्र दरवर्षी नव्याने काढायचा, आणि तोच लोक विसरतात. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, पहिलं वर्ष लागत नाही.

साडी नेसणाऱ्यांनी साडी गार्ड काढू देऊ नये. काही जण गाडी 'मोकळी' दिसावी म्हणून काढायला सांगतात. मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असलं पाहिजे असा नियमच आहे, आणि तो पदर-ओढणीसाठी आहे.

शिकणं

मला माझ्या धाकट्या जावेने शिकवलं. नवऱ्याकडून शिकू नका असं मी सगळ्यांनाच सांगते. त्यात गाडीपेक्षा संसाराच्या गोष्टी जास्त निघतात. जाऊ शांत माणूस आहे. रविवारी सकाळी आमच्याजवळच्या शाळेच्या मैदानावर आम्ही जायचो.

पहिला धडा इंजिन बंद ठेवून. डबल स्टँडवर गाडी लावणं हे ताकदीचं काम आहे असं वाटून अनेक बायका आयुष्यभर साइड स्टँडच वापरतात. ताकद लागत नाही. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, डावा हात हँडलच्या मुठीवर, उजवा हात सीटमागच्या दांडीवर. उजव्या पायाने स्टँड खाली दाबायचा आणि गाडी किंचित डोलवून बघायची, म्हणजे स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागलेत की नाही ते कळतं. आता हाताने उचलायचं नाही. आपलं सगळं वजन उजव्या पायावर टाकून त्या स्टँडवर उभं राहायचं, जिन्याची पायरी चढतो तसं. गाडी आपोआप मागे सरकून वर बसते. उजवा हात फक्त दिशा देतो. हे जमेपर्यंत मी चावी हातात घेतली नाही. पार्किंगमध्ये कुणाला हाक मारावी लागत नाही, याने जो धीर येतो तो पुढे रस्त्यावर उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट उजव्या मनगटाची, कारण रेस त्या मुठीत असते. मूठ धरताना मनगट हाताच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा. मनगट वर उचलून मूठ धरली की दचकल्यावर हात मागे ओढला जातो आणि रेस वाढते. गाडी भिंतीवर जाते ती अशीच. याच कारणासाठी गाडी ढकलताना, मागे घेताना, बाजूला उभं राहून सरकवताना इंजिन बंद हवं. चालू गाडी हाताने ढकलू नका.

आता हळू चालवण्याचं गुपित. विनागिअर स्कूटरचा क्लच इंजिनच्या फेऱ्यांवर लागतो. तुम्ही रेस पूर्ण सोडलीत की एका टप्प्याला क्लच सुटतो, चाकाला जोर मिळेनासा होतो, आणि गाडी नुसती घरंगळायला लागते. तेव्हाच ती डुलते आणि आपण घाबरून पाय खाली टाकतो. उपाय असा: रेस अगदी बारीक चालू ठेवायची, इंजिन गाडीला ओढतंय एवढीच, आणि वेग डाव्या ब्रेकने धरून ठेवायचा. डावा ब्रेक दाबून बंद करायचा नाही, दोन बोटांनी नुसता लावून ठेवायचा. इंजिन पुढे ओढतंय, ब्रेक मागे धरतोय, आणि या दोन्हींत गाडी ताठ राहते. उजव्या ब्रेकला अशा वेळी हात लावायचा नाही. तो पुढच्या चाकाचा आहे, आणि चाक वळलेलं असताना तो दाबला की गाडी खाली. नव्या गाड्यांत डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, म्हणून हलका हात हवा.

मैदानावर दोन दगड ठेवून त्यांच्यामध्ये जितकं हळू जाता येईल तितकं हळू जाऊन बघा. पोचायला जास्त वेळ लागला म्हणजे तुम्ही चांगलं चालवलंत. मग त्याच दगडांभोवती इंग्रजी आठचा आकडा (8) काढा. माझा आठ सुरुवातीला पसरट व्हायचा. जाऊ मागून ओरडली, "वहिनी, चाकाकडे बघू नका. जिथं जायचंय तिथं बघा." वळायच्या बाजूला मान पूर्ण फिरवून पुढच्या दगडाच्याही पलीकडे नजर टाकली, आणि गाडी तिकडे गेली. चाकापुढच्या जमिनीकडे बघाल तर तिथेच थांबाल. खड्ड्याचंही तसंच. खड्ड्याकडे टक लावून बघितलं तर गाडी खड्ड्यातच जाते. त्याच्या शेजारच्या सपाट रस्त्याकडे बघा.

चढाचा सराव वेगळा करा. बऱ्याच सोसायट्यांत पार्किंग तळघरात असतं, आणि वर येणारा चढ संपतो तिथेच रस्ता लागतो. चढावर थांबायची वेळ आली तर डावा ब्रेक धरून ठेवा, दोन्ही पाय खाली, मग हळूच रेस द्या, गाडी पुढे ओढ घेतेय असं जाणवलं की मगच ब्रेक सोडा. हे उतरणीवर उलटं करू नका, म्हणजे रेस बंद करून घरंगळत जाऊ नका. तिथे दोन्ही ब्रेक थोडे-थोडे.

सायकल येत नसेल तर आधी सायकल शिका. तोल सायकलवर शिकावा, शंभर किलोच्या यंत्रावर नाही.

चाचणी

तीस दिवस झाले की सारथीवर स्लॉट घ्यायचा. चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये हे केंद्राच्या नियमातले. कार्ड वगैरेचे वर लागतात. पुणे आरटीओचं मुख्य कार्यालय संगम पुलाजवळ, पण दुचाकीची चाचणी आळंदी रस्त्यावर फुलेनगरला. पिंपरी-चिंचवडकरांचं कार्यालय वेगळं. पावतीवर ठिकाण लिहिलेलं असतं, आदल्या दिवशी वाचून ठेवा.

गाडी आपण न्यायची. तिची आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र), विमा आणि लागू असेल तर पीयूसी चालू हवी. आधी कागद बघतात, मग चालवणं. गाडी दुसऱ्याची असली तरी चालते, पण सराव ज्या गाडीवर केला तीच न्या. अनोळखी गाडीचा ब्रेक कुठे लागतो हे चाचणीत शोधायची वेळ येऊ नये. 'एल' लावलेला हवा. हेल्मेट घालून, पट्टा लावून रांगेत उभ्या राहा.

निरीक्षक काय बघतात? पाय टेकतो का, वळणाआधी इंडिकेटर किंवा हात दाखवता का, थांबायला सांगितल्यावर सरळ थांबता का. घाईने कुणीही पास होत नाही. माझ्यापुढचा कॉलेजचा मुलगा जोरात गेला आणि वळणावर पाय टेकवून बसला. जो आठ मैदानावर शंभरदा काढलाय तोच इथे काढायचा आहे. नाहीच झालं तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा गेलं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं.

लायसन्स टपालाने घरी येतं. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवरचं दाखवता येतं, ते कायद्याने ग्राह्य आहे. तीस ते पन्नास वयात काढलेलं लायसन्स दहा वर्षं चालतं. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरण होतं. मुदत उलटून वर्ष गेलं तर पुन्हा चाचणी. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

कामाचा रस्ता

लायसन्स हातात आलं म्हणून सोमवारी सकाळी थेट कामाला निघू नका. आधी रविवारी पहाटे तोच रस्ता जाऊन-येऊन करा, मग एखाद्या सुट्टीच्या दुपारी, मग कामाच्या दिवशी, पण नेहमीपेक्षा बराच आधी निघून.

रस्ता निवडताना अंतर मोजू नका, उजवी वळणं मोजा. समोरून वाहनं येत असताना उजवीकडे वळणं हे नवख्याला सगळ्यात अवघड. मी धायरी फाट्यावरून सिंहगड रस्त्याने येते, राजाराम पुलाला डावीकडे वळते आणि पूल ओलांडून डीपी रस्त्याने म्हात्रे पुलाच्या दिशेने जाते. अवघड असं उजवं वळण एकच, पुलापलीकडचं. सुरुवातीला तिथेही मी थोडं पुढे जाऊन, बाजूला थांबून, वाहनं गेल्यावर मग वळायचे. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू द्या.

नवले पुलाचा उतार आणि कात्रज-देहूरोड बाह्यवळण नव्याने शिकलेल्याने टाळावं. तिथे उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती घरं उद्ध्वस्त केलीत हे आमच्या भागात प्रत्येकाला माहीत आहे. ऑफिस बाणेर-हिंजवडीला असेल तर शहरातून लांबचा वळसा घ्या, उशीर झाला तरी चालेल.

बसच्या डाव्या बाजूने कधीही पुढे काढू नका. पीएमपीची बस थांब्याला डावीकडे घेते, आणि तुम्ही चालकाला दिसत नसता. थांबलेल्या रिक्षेच्या आणि मोटारीच्या बाजूने जाताना दार उघडेल असं धरूनच अंतर ठेवा. वळल्यावर इंडिकेटर बंद करा, तो आपोआप बंद होत नाही. आरसे दोन्ही हवेत आणि त्यांत आपले खांदे नाही, रस्ता दिसायला हवा.

टायरमधली हवा आठवड्याला बघा. माझ्या गाडीला पुढे २२, मागे २९. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. हवा भरणाऱ्याला तो आकडा तुम्ही सांगा, नाहीतर तो सगळ्यांना भरतो तेवढी भरतो. टाकी पाच लिटरच्या आसपासची असते, आणि सकाळी सहाला पंपावर थांबायला वेळ नसतो, तेव्हा अर्ध्यावर आली की संध्याकाळीच भरून ठेवा.

पावसाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण जूनमध्ये आमच्याकडे हात-मनगट मोडून रक्त तपासायला येणाऱ्यांची संख्या डोळ्यांना दिसण्याइतकी वाढते. पहिल्या सरींनी रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिळून चिकट थर होतो. त्या पहिल्या तासात जाणं टाळता आलं तर टाळा. झेब्राचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं, पुलाच्या जोडावरची पट्टी, मेट्रोच्या कामाचे पत्रे, यांवरून जाताना गाडी सरळ हवी, तिरकी नाही, आणि त्यांच्यावर असताना ब्रेक नाही. ब्रेक त्यांच्या आधी. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो, म्हणून पावसाळ्यात पर्यायी रस्ता आधीच चालवून बघितलेला हवा. रस्त्यावरच्या पाण्याची खोली कळत नसेल तर पुढच्या गाडीचा सायलेन्सर दिसतोय का बघा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलत बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

हेल्मेट

हेल्मेटसक्तीला विरोध करण्यात आमच्या शहराचं नाव आहे. मला तो विरोध कधीच पटला नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसांचे रक्ताचे नमुने मी हातात घेतले आहेत, बाहेर बाकावर बसलेले त्यांचे नातेवाईक पाहिले आहेत. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं घ्या, आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून. पट्टा लावून डोकं जोरात हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. पुण्यातल्या बायकांची चेहरा बांधायची ओढणी जाड असेल तर तिच्यावर हेल्मेट नीट बसत नाही. त्याऐवजी पातळ सुती टोपीवजा कापड आत घाला, धूळ काच थांबवते. केस हेल्मेटखाली मानेवर बांधा, डोक्यावर अंबाडा नको. पायात बूट किंवा मागून पट्टा असलेली चप्पल. स्लीपर घालून गाडी रेटताना पाय निसटतो.

मागे कुणाला बसवायचं

रोजचा रस्ता एकटीला सवयीचा होईपर्यंत कुणालाही नको. मग पहिल्यांदा बसवा ते स्वतः गाडी चालवणाऱ्या माणसाला, कारण वळणावर कसं बसायचं हे त्याला माहीत असतं. घाबरणारं माणूस वळताना उलट बाजूला झुकतं आणि गाडी ओढली जाते. मागे माणूस असलं की गाडी थांबायला जास्त अंतर घेते, मागच्या टायरला हवा जास्त लागते, आणि हळू वेगात तोल सांभाळणं पुन्हा नव्याने शिकावं लागतं. त्यासाठी परत मैदानावर जा. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या सासूबाई किंवा आई असतील तर त्यांना आधी गाडी स्टँडवर असताना बसवून बघा, पायपट्टी आणि धरायची दांडी कुठे आहे ते दाखवा, आणि पिशवी मांडीवर न घेता डिकीत टाका. हेल्मेट त्यांनाही हवं. चार वर्षांच्या आतल्या मुलाला न्यायचं तर त्याच्यासाठी सुरक्षा पट्टा आणि मापाचं हेल्मेट सक्तीचं आहे, आणि वेग चाळीसच्या वर नेता येत नाही. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मुलाला पुढे, हँडल आणि तुमच्या मध्ये उभं करू नका. ब्रेक लागला की त्याची हनुवटी थेट हँडलवर आपटते.